चिमणीचा आकडा आणि कारागिराचा हात

‘चिमणी’ या शब्दाने मराठीत अनेक वेश पालटले आहेत. अंगणातील पाखराचे हे नाव पुढे रॉकेलवर जळणाऱ्या मिणमिणत्या दिव्याला मिळाले आणि त्या दिव्याच्या काजळीने घरोघरच्या भिंती काळवंडल्या. मुंबईच्या गिरणगावात आकाशात धूर सोडणाऱ्या उंच धुराड्यांनाही लोक चिमण्याच म्हणत. आज मध्यमवर्गीय घरात हा शब्द उच्चारला की गॅसच्या शेगडीवर भिंतीला टांगलेले, विजेवर चालणारे आणि धूर ओढून घेणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. धूर करणाऱ्या वस्तूचे नाव धूर घालवणाऱ्या वस्तूकडे गेले, ही प्रगतीची खूण मानण्यास हरकत नाही. मात्र हे यंत्र धूर खरोखर घालवते काय, आणि घालवत नसेल तर दोष यंत्राचा, ते बसवणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, हा प्रश्न विचारणे आवश्यक झाले आहे.

दिवाळीच्या फराळाची कढई चढण्याच्या सुमारास शहरांतून हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. चकल्यांचा घाणा सुरू होतो, घरभर तेलकट धूर पसरतो आणि दोन वर्षांपूर्वी पंधरा-वीस हजार रुपये मोजून घेतलेली चिमणी नुसताच आवाज करीत असल्याचे ध्यानात येते. दुरुस्तीसाठी माणूस बोलावला जातो. तो पाच मिनिटे यंत्र न्याहाळून ‘मोटार गेली’ असे सांगतो. मोटार खरोखरच गेली आहे, की जाळीवर चिकट तेलाचा थर बसला आहे, की बाहेर जाणारी नळीच कोठे तरी दबली आहे, हे घरातील कोणालाही सांगता येत नाही. पैसे दिले जातात. पुढच्या दिवाळीत तोच खेळ पुन्हा होतो. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरात हा खर्च किरकोळ नसतो. आणि पैशाहूनही मोलाची एक गोष्ट येथे पणाला लागलेली असते.

धूर कोणाचा, श्वास कोणाचा?

ती गोष्ट म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे आरोग्य. चुलीच्या धुराचे दुष्परिणाम आता सर्वमान्य आहेत. घरातील प्रदूषित हवेमुळे २०२० साली जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली असावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लाकूड, शेण्या, कोळसा आणि रॉकेल ही त्याची मुख्य कारणे होत. याच जाणिवेतून १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब कुटुंबांपर्यंत गॅसची जोडणी पोहोचवण्याचा प्रयत्न झाला. गॅस आला म्हणजे धुराचा प्रश्न संपला, अशी समजूत त्यामुळे शहरांत रूढ झाली आहे. ती अपुरी आहे. गॅसची निळी ज्योत काजळी धरत नाही, हे खरे. परंतु तिच्यातूनही नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो. शिवाय कढईतील कडकडीत तेलातून उठणारा धूर इंधनावर अवलंबून नसतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात, तीव्र उष्णतेवर तळताना निघणाऱ्या धुराचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा वर्गात केला. चीन व तैवानमधील स्त्रियांच्या पाहण्या या निष्कर्षाच्या मुळाशी होत्या. म्हणून फोडणी वर्ज्य करावी असे कोणी म्हणणार नाही. मात्र तिचा धूर घरात राहू देणे शहाणपणाचे नाही, एवढा अर्थ त्यातून निश्चित निघतो.

हा धूर कोण घेते, हेही पाहिले पाहिजे. केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या कालविनियोगाच्या पाहणीनुसार, घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या. अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. ओट्यापुढे उभे राहण्याचा वेळ याच २९९ मिनिटांतला. चिमणी कोणती घ्यावी हे मात्र पुष्कळ घरांत दुकानातील काचेची चकाकी आणि किमतीची घासाघीस पाहून पुरुष ठरवतो. खिसा एकाचा आणि फुप्फुस दुसऱ्याचे, अशी ही विभागणी आहे. निर्णय घेणारा आणि परिणाम भोगणारा वेगळा असला की निर्णय सैल होतात, हा अर्थशास्त्रातील जुना अनुभव आहे.

दुकानातील आकडा

चिमणीच्या बाजारात सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेली गोष्ट म्हणजे तिची शोषणक्षमता. ताशी १००० घनमीटर, १२०० घनमीटर, १५०० घनमीटर असे आकडे ग्राहकापुढे ठेवले जातात आणि मोठा आकडा तो उत्तम, असा समज आपोआप दृढ होतो. साधा हिशेब करून पाहावा. तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच स्वयंपाकघरात २१ घनमीटर हवा असते. तासातून बारा वेळा ही हवा बदलावी असे ढोबळ प्रमाण धरले, तर ताशी सुमारे २५० घनमीटर हवा बाहेर टाकावी लागेल. तळण्याचा धूर पसरण्यापूर्वीच पकडायचा तर याहून अधिक जोर लागतो, हे मान्य केले तरी १२०० चा आकडा गरजेच्या कितीतरी पुढे आहे. मग इतकी ताकद असूनही घर धुराने का भरते?

याचे उत्तर असे की हा आकडा बहुधा मोकळ्या हवेत, नळीचा अडथळा नसताना मोजलेला असतो. घरात बसवल्यानंतर चित्र बदलते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी प्रत्यक्ष घरांत बसवलेल्या १५ धूरशोषक यंत्रांची तपासणी करून २०१२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १० यंत्रांचा सर्वाधिक वायुप्रवाह उत्पादकाने छापलेल्या आकड्याच्या ७० टक्के किंवा त्याहूनही कमी भरला. मागच्या बर्नरवरील धूर पुढच्या बर्नरवरील धुरापेक्षा चांगला ओढला जातो आणि सपाट तळाच्या यंत्रापेक्षा खोलगट छत्री असलेले यंत्र अधिक धूर पकडते, असेही त्यांना आढळले.

नळीचे गणित तर शाळकरी विद्यार्थ्यालाही सोडवता येईल. सहा इंच व्यासाच्या नळीचे छेदक्षेत्र चार इंची नळीच्या सव्वादोन पट असते. यंत्राला सहा इंची तोंड असताना ‘भोक लहान पडले’ म्हणून पुढे चार इंची नळी जोडली, तर हवेची वाट निम्म्याहून कमी होते. नळीचे प्रत्येक काटकोनी वळण कित्येक फूट सरळ नळीइतका अडथळा निर्माण करते. सुरकुत्यांची लवचिक नळी गुळगुळीत नळीपेक्षा हवेला अधिक रोखते आणि तिच्या घड्यांत तेल साचते. यंत्र शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटरांवर असावे, असे उत्पादक सांगतात. कपाटाच्या सोयीसाठी ते त्याहून वर गेले की धूर छत्रीत शिरण्यापूर्वीच आजूबाजूला पसरतो. छत्री शेगडीहून अरुंद असली तरी तेच होते. याखेरीज जितकी हवा बाहेर जाते तितकीच आत यावी लागते. दारेखिडक्या घट्ट लावून चिमणी चालवणे म्हणजे भोक नसलेल्या डब्यातून तेल ओतण्याचा प्रयत्न करणे होय. नळीच नसलेल्या चिमण्यांची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. त्यांतील कोळशाची जाळी वास थोडाफार शोषते, पण वाफ, उष्णता आणि ज्वलनातून निघणारे वायू बहुतांशी घरातच परत येतात.

याचा अर्थ उघड आहे. चिमणीचा उपयोग दुकानात ठरत नाही. तो नळीच्या शेवटच्या सहा-आठ फुटांत ठरतो. आणि ते सहा-आठ फूट एखाद्या कारागिराच्या हाती असतात.

विश्वासावरचा व्यवहार

अर्थशास्त्रज्ञांनी वस्तूंच्या गुणांचे तीन वर्ग कल्पिले आहेत. काही गुण पाहताच कळतात. काही वापरल्यावर कळतात. हा भेद फिलिप नेल्सन यांनी १९७० साली स्पष्ट केला. तिसरा वर्ग मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ साली मांडला. वापरूनही न कळणारे, केवळ विश्वासावर घ्यावे लागणारे गुण त्यात येतात, आणि दुरुस्तीची कामे हे त्याचे ठळक उदाहरण होय. चिमणीची काच पाहून कळते, तिचा आवाज वापरून कळतो. पण मोटार बदलण्याची खरोखर गरज होती काय, हे ती बदलल्यावरही कळत नाही. येथे रोगाचे निदान करणारा आणि औषध विकणारा एकच असतो. निदान मोठे केले की कमाई वाढते.

जॉर्ज अकर्लोफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन याचा पुढचा परिणाम दाखवला. ग्राहकाला चांगले-वाईट ओळखता येत नसेल तर तो सर्वांना सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या मालाच्या विक्रेत्याला परवडत नाही आणि तो बाजार सोडतो. अकर्लोफ यांना या विचाराबद्दल २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कारागिरांच्या बाजारात हेच घडते. जो मिस्त्री ‘भोक सहा इंचीच पाडावे लागेल, दोन तास लागतील, इतके पैसे होतील’ असे सरळ सांगतो, तो महाग ठरतो. जो चार इंची नळी वाकवून अर्ध्या तासात काम उरकतो, तो स्वस्त आणि चलाख ठरतो. फरक ग्राहकाला दिसत नसल्यामुळे घासाघीस पहिल्याशी होते आणि काम दुसऱ्याला मिळते. प्रामाणिक कारागीर दुर्मीळ झाल्याची तक्रार करणाऱ्या मध्यमवर्गाने आपल्याच घासाघिशीने त्याला हुसकावून लावले आहे, हेही मान्य केले पाहिजे. वीस हजारांच्या यंत्राचा भाव निमूटपणे देणारा ग्राहक ते बसवणाऱ्याचे दोनशे रुपये कमी करण्यासाठी जिन्यापर्यंत हुज्जत घालतो.

गावगाड्यात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे. सुतार किंवा लोहार पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात राहत असल्याने त्याचा हात कसा आहे हे सर्वांना ठाऊक असे. तथापि त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती माहिती जातीच्या बेडीसह येत असे, आणि बलुत्याचा वाटा कारागिराच्या कौशल्याऐवजी रूढीने ठरत असे. शहराने ती बेडी बऱ्याच अंशी तोडली. पण कारागिराची ओळखही तिच्याबरोबर पुसली गेली.

ही पोकळी भरून काढण्याचा दावा आता मोबाइलवरील ॲप करतात. ठरावीक दर, ठरावीक वेळ, कामगाराचे छायाचित्र आणि ग्राहकांनी दिलेले तारे यांमुळे काही प्रमाणात सोय झाली, यात शंका नाही. परंतु तारे कशाचे मोजमाप करतात? माणूस वेळेवर आला, नम्रपणे बोलला, फरशी पुसून गेला, एवढेच ग्राहकाला दिसते आणि तेवढ्याचेच गुण दिले जातात. भिंतीआडची नळी कोणालाच दिसत नाही. विश्वासावर घ्यावयाचा गुण ताऱ्यांनी मोजता येत नाही. उलट त्याच ताऱ्यांवर कामगाराचे पुढचे काम अवलंबून असल्याने त्याची अवस्था नाजूक होते. नीती आयोगाने जून २०२२ च्या अहवालात अशा सुट्या कामांवर जगणाऱ्यांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली होती व २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटींवर जाईल असे भाकीत केले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कामगारांची व्याख्या केली. राजस्थानने २०२३ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. ज्याच्या आजारपणाची आणि म्हातारपणाची काही सोय नाही, त्याने दुसऱ्याच्या घरातील नळी दोन तास जपून बसवावी, ही अपेक्षा रास्त असली तरी ती पुरी होण्यास आधार हवा.

शेजाऱ्याची खिडकी

घरातून बाहेर पडलेला धूर नाहीसा होत नाही, तो कोठे तरी जातो. अनेक इमारतींत तो दोन सदनिकांमधील अरुंद डक्टमध्ये सोडला जातो आणि तेथून वरच्या मजल्यावरील न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरतो. एकाच्या घरचे बोंबील दुसऱ्याच्या घरी वासाने पोहोचतात आणि आहारावरून नको ते वाद पेटतात. मूळ दोष आहाराचा नसून नळीच्या तोंडाचा आहे, हे भांडणात बाजूला राहते.

धुराच्या या भांडणाला अर्थशास्त्रात जुनी परंपरा आहे. शहरातील धुरामुळे इतरांवर पडणाऱ्या खर्चाची चर्चा आर्थर पिगू यांनी १९२० साली केली. इंग्लंडमधील १८७९ चा एक खटला तर थेट घरगुती धुराड्याचा होता. शेजाऱ्याने भिंत उंच केली, त्यामुळे फिर्यादीचे धुराडे नीट ओढेना आणि धूर त्याच्याच खोल्यांत भरू लागला. वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की विस्तव फिर्यादी पेटवतो, तेव्हा धूर त्याचाच. रोनाल्ड कोस यांनी १९६० च्या आपल्या निबंधात या खटल्याचा समाचार घेताना दाखवले की विस्तव आणि भिंत दोन्हींमुळे उपद्रव होतो. दोष एकाच्या माथी मारून प्रश्न सुटत नाही, परस्परांत समझोता घडवून आणणारे नियम लागतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत वाहनतळावर तासन्‌तास खल होतो. नळीची तोंडे कोणत्या बाजूला काढावीत याविषयी एक साधा ठराव करणे तुलनेने सोपे आहे. त्याहून सोपे काम बांधकाम व्यावसायिकाचे. ओट्याच्या वर, बाहेरच्या भिंतीत सहा इंची भोक आरंभीच ठेवले तर पुढची तोडफोड आणि वळणे दोन्ही टळतात. दिवाणखान्याच्या संगमरवरावर खर्च करणाऱ्या व्यावसायिकाला एवढे एक भोक सुचू नये, याचे आश्चर्य वाटते.

काय करता येईल?

ग्राहकाला करण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. खरेदीला जाण्यापूर्वी नळीचा मार्ग मोजावा: लांबी किती, वळणे किती, तोंड कोठे निघते. तो मार्ग नसेल तर महागड्या यंत्रापेक्षा खिडकीतील साधा झोतपंखा आणि उघडी खिडकी अधिक उपयोगी पडू शकते. निदान करणारा आणि भाग विकणारा शक्यतो वेगळा असावा. ते जमत नसेल तर मोठा खर्च सांगितला जाताच दुसऱ्याचे मत घ्यावे. खर्चाचा अंदाज कामापूर्वी लेखी घ्यावा, काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि कर वाचवण्याच्या मोहाने पावती सोडू नये. पावती नसली की तक्रारीचा पायाच जातो. मुख्य म्हणजे, जो ओट्यापुढे उभा राहतो त्याचे मत या खरेदीत अखेरचे असावे.

कायद्याचे पाठबळ आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा, दोन्हींत सेवेतील त्रुटीला स्थान आहे. नव्या कायद्याने वस्तू बसवणारा व दुरुस्त करणारा यांनाही वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीत आणले. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदल्याच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. या चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी राहिली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, आणि कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी आला. धान्यातील भेसळ आणि मापातील पाप यांविरुद्ध संघटित झालेल्या या ग्राहकाने आता सेवांच्या मापाकडेही वळावे, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

राहिला प्रश्न कारागिराच्या शिक्षणाचा. सरकारने १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. वीजजोडणीच्या कामाला परवानाधारक वायरमन लागतो. भिंतीला भोक पाडून वायुमार्ग जोडण्याच्या कामाला मात्र तशी कसोटी नाही. प्रत्येक कामाला परवाना सक्तीचा करावा, असा याचा अर्थ नाही. दीर्घ उमेदवारीच्या सक्तीने गरीब कामगाराच्या पोटावरच पाय येतो, असे ॲडम स्मिथ यांनी १७७६ सालीच बजावले आहे, आणि परवान्याची खिडकी लाचेची खिडकी होण्यास आपल्याकडे वेळ लागत नाही. परंतु ऐच्छिक प्रमाणपत्र, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वायुवीजनाचा छोटा अभ्यासक्रम, आणि बसवून झाल्यावर वायुप्रवाह मोजून तो पावतीवर लिहिण्याची प्रथा, एवढे तरी करता येण्याजोगे आहे. हवेचा वेग मोजणारे साधे यंत्र मोठ्या खर्चाचे नसते. छापलेल्या १२०० च्या शेजारी घरात मोजलेला आकडा लिहिला जाऊ लागला, की कोणत्या कारागिराचा हात चांगला हे ग्राहकाला प्रथमच दिसेल. आणि चांगल्या हाताला चांगला भाव मागण्याचे बळ मिळेल.

तोपर्यंत घरोघरी एक सोपी परीक्षा करून पाहता येईल. चिमणी चालू करून, गॅस बंद ठेवून, कागदाचा एक पातळ तुकडा तिच्या जाळीला लावावा. तो चिकटून राहिला तर निदान हवा ओढली जात आहे. गळून पडला, तर मोटार बदलण्यापूर्वी जाळी धुवावी आणि नळी तपासावी. ही परीक्षा घरातील कर्त्या पुरुषाने स्वतः, फराळ तळायला बसण्याच्या आदल्या दिवशी करावी आणि दुसऱ्या दिवशी कढईपुढेही काही वेळ उभे राहावे. धुराचा हिशेब डोळ्यांत पाणी आल्यावर लवकर समजतो.